आत्याबाई आणि अकरा आरसे

मुलीच्या शाळेचा फॉर्म भरताना वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात मी ‘लाईटमन’ असं लिहिलं. कराडच्या त्या शाळेतले क्लार्क चष्म्यावरून बघत म्हणाले, “बोर्डात का? मग आमच्या गल्लीतला खांब तेवढा बघा की. पंधरा दिवस झालं बंद हाय.”

मी म्हटलं, “तो लाईटमन न्हवं सर. मालिकांचं, सिनेमाचं शूटिंग असतं ना, तिथं लाईट लावतो आमी.”

“म्हंजे खांबाचं काय जमनार न्हाई,” असं म्हणून त्यांनी फॉर्मवर शिक्का मारला.

मला राग आला नाही. चार वर्षांपूर्वी मलाही हे काम म्हणजे काय असतं ते ठाऊक नव्हतं. फौजेत सतरा वर्षं मी जनरेटर आणि गाड्यांची वायरिंग बघितली, हवालदार म्हणून घरी आलो आणि दोन वर्षं भावाबरोबर उसात पाणी पाजलं. पण ऊस काही बिघडत नाही, आणि काहीतरी बिघडलेलं समोर असल्याशिवाय माझ्या हातांना चैन पडत नाही. अशात शूटिंगला जनरेटरच्या गाड्या पुरवणाऱ्या एका ओळखीच्या माणसाचा फोन आला. मेढ्याच्या वरच्या अंगाला एका मालिकेचं शूटिंग चालू होतं आणि त्याचा ऑपरेटर आजारी पडला होता. “आठवडाभर बघतोस का?” त्यानं विचारलं. त्या आठवड्याची आता चार वर्षं झालीत.

तिथं लाईटचं खातं एका माणसाच्या हातात होतं. वय साठीच्या जवळ, अंगानं काटक, डोक्याला मळकी टोपी. मूळचा वडूजच्या पलीकडच्या माळावरचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. त्याला सगळे वस्ताद म्हणायचे. आयुष्यात कधी कुस्ती खेळला नव्हता, पण माणसांना उभं कसं करायचं ते त्याला तालमीतल्या वस्तादासारखंच कळायचं.

पहिल्या दिवशी सकाळी सात वाजता त्यानं पहिला लाईट लावला आणि आमची सगळी माणसं होती तिथं थांबली. कुणी केबल खांद्यावर घेतलेली, कुणी शिडीवर चढलेला. सगळ्यांनी लाईटला हात जोडले आणि मग सगळी पुन्हा कामाला लागली. मीही जोडले. फौजेत हत्यारांची पूजा होते, त्यामुळे मला त्यात नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते तासाभरानं. वर एक बल्ब फाटकन उडाला आणि मी ओरडलो, “वस्ताद, बल्ब फुटला!”

सगळं काम थांबलं. वस्ताद शांतपणे माझ्याजवळ आला. “फौजी, बांगडी फुटली म्हनतो का आपन?”

“न्हाई. वाढवली म्हनतो.”

“नारळ?”

“वाढवतो.”

“मग बल्ब पन वाढतो. फुटत न्हाई. जा, माफी माग त्याची.”

आणि मी, सतरा वर्षं नोकरी केलेला माणूस, शिडीवर चढून त्या जळक्या बल्बला “चुकलो” म्हणून खाली आलो. खाली कुणी हसलं नाही. हसायचं नाही हाही नियमच होता.

या नियमानं एकदा मजा केली. वस्तादानं पुण्याला सामानाच्या ऑफिसात फोन करून सांगितलं, “तीन बल्ब वाढलेत.” पलीकडं कुणीतरी नवीन बाई होत्या. त्या म्हणाल्या, “बरं झालं. मग वाढलेले तीन परत पाठवून द्या.” वस्तादानं फोन कानापासून लांब धरला आणि आमच्याकडं बघितलं. समजावून सांगायचं तर तोंडानं ‘फुटले’ म्हणावं लागणार. दहा मिनिटं तो ‘दिसंना झालेत’, ‘थकलेत’, ‘त्यांचं आता झालं’ असं काहीबाही बोलत राहिला. शेवटी बाईंनी घाबरून विचारलं, “आजोबा, नक्की कोण गेलंय?”

दुसरी रीत नव्या माणसाची परीक्षा घ्यायची. तिसऱ्या दिवशी वस्ताद मला म्हणाला, “फौजी, मेकअपच्या गाडीतनं सावलीचं पोतं घेऊन ये. काळं आन. पांढरं नगो.”

आसपासची माणसं कामात असल्यासारखी खाली बघत होती. मला उमगलं. फौजेत मीच नव्या रंगरुटांना तंबूची किल्ली आणायला तीन-तीन बराकी फिरवलं होतं. मी टाच जुळवून “जी” म्हणालो आणि निघालो. मेकअपच्या गाडीत बसून कागद घेतला, कार्बन घातला आणि फौजी पद्धतीनं मागणीपत्र लिहिलं, तीन प्रतींत. ‘सावलीचं पोतं, काळं, नग एक. सावली माणसाची की झाडाची, ते कळवावे. सकाळची लांब की दुपारची आखूड, तेही कळवावे. जुनं पोतं जमा केल्याशिवाय नवं दिलं जाणार नाही.’ खाली मेकअपवाल्या दादांची सही घेतली आणि तासाभरानं वस्तादासमोर जाऊन उभा राहिलो.

“वस्ताद, जुनं पोतं कुठाय?”

त्यानं कागद हातात धरून सावकाश वाचला. ओठ हलले, मिशा हलल्या आणि मग तो असा हसला की त्याला खाली बसावं लागलं. तो कागद त्यानं चिमट्यांच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवला. त्या दिवसापासून मी जनरेटरवाला राहिलो नाही, त्यांच्यातला झालो.

चिमट्यांचं सांगायला हवं. लाईटसमोर रंगीत कागद लावायला आम्ही कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे वापरतो, पेटीत शेकडो असतात. आमच्यात दिवसभर एक छुपा खेळ चालतो. समोरच्याच्या नकळत त्याच्या पाठीला चिमटा लावायचा. संध्याकाळी सामान आवरताना ज्याच्या पाठीवर जास्त चिमटे, त्यानं एकेका लाईटपुढं उभं राहून त्याचे आभार मानायचे. मोठ्यानं, नीट शब्दांत. एकदा दिग्दर्शकाच्या जाकिटाला नऊ निघाले. त्यानं सगळ्या लाईटांचे आभार मानले, तेही रडवेल्या आवाजात, नाटकातल्यासारखे. आमच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या.

आता आत्याबाईची गोष्ट.

आमच्याकडचा सगळ्यात मोठा लाईट म्हणजे दोन माणसांनी उचलायचं धूड. त्याचं नाव आत्याबाई. हे नाव वस्तादानं ठेवलेलं. योगायोग असा की त्या मालिकेत आत्याचं काम करणाऱ्या एक जुन्या, नावाजलेल्या नटी होत्या आणि युनिटमधले सगळे त्यांनाही पहिल्या दिवसापासून आत्याबाईच म्हणायला लागले. त्या पहिल्यांदा सेटवर आल्या त्या दिवशी आपले संवाद वाचत खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांच्या पाठीमागं दहा फुटांवर आमचं काम चाललेलं.

वस्ताद ओरडला, “आत्याबाई तापली का रं?”

मी जनरेटरजवळून ओरडलो, “तापलीया, पन लय थरथरतीया!”

“थरथरनारच, वय झालं तिचं. तोंड भिंतीकडं करा, डोळ्यात खुपतीया!”

“फडकं टाकू का तोंडावर?”

“टाक! आन दोगं मिळून उचला, एकट्याला जायाची न्हाई ती!”

बाई ताडकन उठल्या, खोलीत गेल्या आणि आतून कडी लावली. दिग्दर्शक दारावर थापा मारतोय, आतून उत्तर नाही. अर्ध्या तासानं कुणालातरी काय झालं असेल ते सुचलं. वस्तादाचा चेहरा उतरला. त्यानं टोपी काढली आणि दाराबाहेर उभा राहून म्हणाला, “बाई, बाहेर या. तुमची एका मानसाशी गाठ घालून द्यायची हाय. मग पायजे तर माझ्या थोबाडीत मारा.”

बाई बाहेर आल्या. वस्तादानं त्यांना त्या मोठ्या लाईटपाशी नेलं. “ह्या आमच्या आत्याबाई. तुमच्यापरीस धाकट्या हायत्या, पन वजनानं जड.”

बाईंनी लाईटकडं बघितलं, वस्तादाकडं बघितलं. हसू दाबत विचारलं, “हे नाव का पण?”

मग त्यानं जे सांगितलं ते आमच्यातल्या जुन्या माणसांनीही पहिल्यांदाच ऐकलं. तो लहान असताना त्याची माणसं मेंढरं घेऊन कोकणाच्या बाजूला उतरायची. वाटेत मुक्काम पडला की कंदील त्याच्या आत्याकडं असायचा. तो कुठं टांगायचा हे तीच ठरवायची, म्हणजे मेंढरांवरही उजेड पडावा आणि निजलेल्यांच्या डोळ्यांवर येऊ नये. “कंदील इझला असं कुनी म्हनलं की फटका मारायची. म्हनायची, वाढला म्हन. उजेड कुठनं यावा आन कुठं थांबावा, ते मी तिच्याकडनं शिकलो, बाई. हितं कुठल्या शाळंत न्हाई शिकलो.”

बाईंनी वाकून त्या लाईटला नमस्कार केला. मला आजही ते आठवलं की ऊर भरून येतो. एवढी मोठी नटी आणि आमच्या लोखंडाच्या धुडापुढं वाकली.

नंतर दोन महिन्यांनी खरी परीक्षा झाली, आणि ती माझ्यामुळं.

मेढ्याच्या वर डोंगरउतारावर एका गावची प्राथमिक शाळा आहे. मालिकेतली आत्या शिक्षिका दाखवली होती. तिच्या नोकरीचा शेवटचा दिवस. सकाळी लवकर ती रिकाम्या वर्गात येते आणि समोर कुणी नसताना हजेरी घेते, असा प्रसंग होता. रविवार असल्यामुळं शाळा मोकळी. बाकीचे प्रसंग उरकता उरकता दुपारचे अडीच वाजले. तरी फिकीर नव्हती. वर्गाच्या खिडक्या पूर्वेला होत्या, तिकडच्या अंगणात आत्याबाईला उभं केलं की सकाळचं ऊन तयार. बाईंना संध्याकाळी गावाबाहेर जायचं होतं आणि परत पंधरा दिवस येता येणार नव्हतं.

आणि जनरेटर बसला. मी झाकण उघडलं तर आतलं व्होल्टेज सांभाळणारं कार्ड जळून काळं झालेलं. नवं साताऱ्याहून आणायचं म्हणजे जाऊन-येऊन तीन तास. गावातल्या विजेवर आमचा छोटा लाईटसुद्धा पिवळा पडत होता. डोंगराआड सूर्य साडेचारला जाणार. मी वस्तादाकडं गेलो. इतक्या वर्षांत मशिननं मला असं तोंडघशी पाडलं नव्हतं.

“वस्ताद, हुनार न्हाई.”

“तुझ्यानं हुनार न्हाई का मशिननं हुनार न्हाई?”

“मशिननं.”

“मग तू मोकळाच हायस की.” त्यानं डोळ्यांवर हात धरून आभाळाकडं बघितलं. सूर्य पश्चिमेकडं कलला होता, शाळेच्या छपराच्या वर. त्यानं पूर्वेच्या अंगणाकडं बघितलं. अंगणापलीकडं शेताचा उंच बांध होता, त्यावर लख्ख ऊन. “आरसं,” तो म्हणाला. “गावातलं मिळतील तेवढं आरसं आना.”

आम्ही गावात पांगलो. केशकर्तनालयवाल्या दादांनी भिंतीवरचा मोठा आरसा खिळ्यांसकट उतरवून दिला. घराघरांतून बायका आरसे घेऊन निघाल्या. कपाटाच्या दाराचे, भिंतीवरचे, एक लग्नात आलेला, अजून प्लास्टिकही न काढलेला. सगळे मिळून अकरा. मी ते हातात घ्यायला गेलो तर एक मावशी म्हणाल्या, “आरसा आमीच धरनार. तुमच्या हातात दिला आन वाढला म्हंजे?”

त्यांना आमचा नियम कुणी सांगितला नव्हता. वस्ताद खुशीत येऊन म्हणाला, “धरू दे त्येंनाच. शानी मानसं हायती.”

मग माझं काम सुरू झालं. बांधावर सात बायका, केशकर्तनवाले दादा आणि आमची तीन माणसं, अशी अकरा जणांची रांग लावली. प्रत्येकाचं ऊन कुठल्या खिडकीतून आत जायचं ते वस्ताद वर्गातून ओरडून सांगायचा आणि मी बांधावर ते बसवून घ्यायचो. आरसा बोटभर हलला तरी आतला कवडसा हातभर उडायचा. स्थिर उभं राहणं सोपं वाटतं, पण ते शिकावं लागतं. मी त्यांना परेडवर शिकवतात तसं सांगितलं, “पाय थोडं फाकवा. कोपर पोटाला टेकवा. श्वास सावकाश. आरशाकडं बघू नका, समोरच्या भिंतीकडं बघा.”

“अवो फौजी,” रांगेतून आवाज आला, “बंदूक कवा देनार?”

सगळी रांग हसली आणि वर्गातलं ऊन नाचायला लागलं. आतून वस्ताद गरजला, “हसून घ्या एकदाचं! मग गप ऱ्हावा!”

थोड्या वेळानं दिग्दर्शक खिडकीतून डोकावला. बाईंच्या गालावर पुसट डाग येतोय म्हणाला. मी रांगेतून शोधत गेलो. सगळ्यात जवळच्या आरशावर टिकल्यांची अख्खी रांग चिकटवलेली होती. त्या ताई लाजल्या, नखानं एकेक टिकली काढून त्यांनी कपाळावर, हातावर, जिथं जागा मिळेल तिथं लावली आणि पुन्हा आरसा धरला.

मग शांतता झाली. बांधावरून मला खिडकीतून थोडं आतलं दिसत होतं. रिकामे बाक, त्यांच्यावर तिरपं कोवळं ऊन आणि टेबलामागं बाई. त्यांनी हजेरीचं पुस्तक उघडलं आणि एकेक नाव घ्यायला लागल्या. प्रत्येक नावानंतर थांबायच्या, रिकाम्या बाकाकडं बघायच्या, मान हलवायच्या आणि पुढचं नाव. आवाज स्वच्छ ऐकू येत होता. आठ-दहा नावं झाली असतील. माझ्या शेजारी हुंदका ऐकू आला. मावशींच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण हात आरशाला असल्यामुळं पुसता येईना. त्यांच्या पलीकडच्याही रडत होत्या. आरसे थरथरायला लागले आणि वर्गातलं ऊन हलायला लागलं.

ओरडावं तर आवाज रेकॉर्ड होणार. मी खिडकीतल्या वस्तादाकडं बघितलं. त्यानं हाताचा तळवा खाली करून सावकाश हलवला. हलू दे.

नंतर त्यानं सांगितलं, “खिडकीभायेर झाड असतं आन वारा असता, तर ऊन असंच हाललं असतं. रडायचं बळ आपल्या कुठल्या मशिनमदी हाय?”

एकाच टेकमध्ये प्रसंग झाला. सूर्य डोंगराला टेकायला अजून पंधरा मिनिटं होती. बाई बाहेर आल्या त्या थेट बांधावर. रांगेतल्या प्रत्येकासमोर उभ्या राहिल्या, प्रत्येक आरशात आपलं तोंड बघितलं आणि आरसा धरणाऱ्याचे हात हातात घेतले. टिकल्यांच्या ताईंच्या हातावरची एक टिकली काढून आपल्या कपाळाला लावली. वस्ताद खाली हात बांधून उभा होता. त्याला काहीतरी म्हणत त्या पलीकडं गेल्या, तेव्हा त्याच्या पाठीवर चिमटा होता. कधी लावला ते त्याला संध्याकाळपर्यंत कळलं नाही.

आठवड्यानं तो भाग टीव्हीवर लागला. आमच्या घरी आई, भाऊ, वहिनी, बायको, शेजारची माणसं असे सगळे बसले होते. मी मुद्दाम आरशांचं काही सांगितलं नव्हतं. शेजारचे काका म्हणाले, “सकाळच्या पारी शाळंत असंच ऊन यायचं बघ.” आई म्हणाली, “व्हय, आठ वाजताचं हाय.” खरं तर दुपारचे चार वाजून गेले होते, ते मी सांगितलं नाही. मनातल्या मनात फुगलो. नावांच्या यादीत आमची नावं नसतात, ‘आणि सहकारी’ एवढंच येतं आणि तेही भुर्रकन जातं. पण त्या दिवशी दोन जाणत्या माणसांनी आमच्या उन्हावरून घड्याळ लावलं होतं. आणखी काय पाहिजे?

एक रीत राहिली. शूटिंगचा मुक्काम हलायच्या शेवटच्या दिवशी आमच्यात लाईट उलटा फिरवतात. वर्षभर ज्यांनी दुसऱ्यांच्या तोंडावर उजेड टाकला, त्यांनी एकेक करून नटांच्या खुर्चीवर बसायचं. वस्ताद प्रत्येकाचा चेहरा न्याहाळून त्याला शोभेल तसा लाईट लावतो आणि फोटो काढतात. काम करताना शिव्या खाणारी माणसं तिथं कशी अवघडून, नवरदेवासारखी बसतात! माझा नंबर आला तेव्हा वस्ताद म्हणाला, “फौजी, सावधान नगो. इश्राम.”

तो स्वतः मात्र कधी बसायचा नाही. त्याचा लाईट लावणार कोण? त्या वर्षी बाईंनी त्याचा हात धरून त्याला खुर्चीवर बसवलं आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, “फौजी, तुम्ही लावा.”

मी समोरून उजेड टाकला. मागून ओरडा झाला, “पासपोर्ट काढायचाय का?” मी लाईट बाजूला नेला, उंच केला, पुन्हा खाली घेतला. वस्ताद डोळे मिटून बसला. उजेड कुठनं येतोय ते त्याला मिटल्या डोळ्यांनीही कळत असणार. शेवटी डाव्या अंगानं, जरा मागून ऊन आल्यासारखा लावला आणि उजवीकडं तोच उजेड गालावर परतवायला थर्माकोलचा पांढरा तुकडा धरायला लावला. गालावरच्या सुरकुत्या एकेक मोजता येतील अशा उठल्या. ओरडणारी माणसं गप्प झाली.

फोटो दाखवला तेव्हा त्यानं तो लांब धरून बराच वेळ बघितला. “मानूस बरा दिसतोय,” तो म्हणाला. आणि थोड्या वेळानं, “उजव्या अंगाला थोडं कमी चाललं असतं.”

तेवढं एक वाक्य मी घरी बायकोला तीनदा सांगितलं.

आता आमचा मुक्काम सांगलीकडं आहे, हळदीच्या एका जुन्या गोदामात. हळदीची धूळ उजेडात उभी राहते आणि कॅमेऱ्यातून बघितलं की वाटतं ऊन हाताला लागेल. काल वस्तादाच्या गुडघ्यानं दगा दिला म्हणून तो खाली खुर्चीवर बसून राहिला आणि शिडीवर मी होतो. त्यानं खालून दिवसभरात दोनदाच हात हलवला. बाकी सगळं मीच लावलं.